आठचा भोंगा आणि माझी गोळी

किस्से कसे साठतात सांगू? आमच्या कारखान्याच्या मागे आंब्याच्या कोयी साठतात ना, तसे. सीझनमध्ये रोज घमेली भरभरून कोयी मागे पडतात, तेव्हा वळून बघायला कुणाला वेळ नसतो. मग एक दिवस वारा फिरतो आणि अख्ख्या जामसंड्याला कळतं, मागे केवढा ढीग झालाय!

माझ्या किश्श्यांचाही असाच ढीग झालाय. चौदा वर्षं मी इथे सुपरवायझर आहे. आंबा येतो, पिकतो, धुतला जातो, कापला जातो, त्याचा रस डब्यात बंद होतो. आणि यातल्या प्रत्येक पायरीवर विद्या काय विसरली, विद्याने काय सांडलं, विद्याने काय हरवलं, याचा एकेक किस्सा तयार होतो. लोक ते माझ्यासमोरच सांगायचे. मीही हसायचे. सगळ्यांत मोठ्याने मीच! आपल्यावर आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं, ही विद्या मला तिसरीपासून येते.

आता मात्र मी ठरवलंय. किस्से माझे आहेत तर सांगणार मीच. आणि हसायचं कुठे, तेही मीच ठरवणार!

*

सुरुवात लेबलांपासून करू, कारण हा किस्सा देवगडपर्यंत पोचलेला आहे.

आंब्याच्या रसाचे डबे तयार होते. त्यांना लेबलं लावायची होती. मी गठ्ठा काढून दिला आणि बायकांना म्हटलं, "लावा." तेवढ्यात बाहेर एक धनेश पक्षी येऊन बसला. आता धनेश रोज का येतो? मी पाच मिनिटं बघायला गेले. परत आले तेव्हा पाऊण तास झाला होता आणि सगळ्या डब्यांवर कोकम सरबताची लेबलं लागली होती. गठ्ठा मीच चुकीचा दिला होता.

आमचे मालक तात्या. साठीचे, शांत, पांढरा लेंगा आणि खांद्यावर टॉवेल. त्यांनी एक डबा हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "विद्या, आता गिऱ्हायक डबो उघडतला तेवा तेका लॉटरी लागल्यासारख्या वाटतला. वर कोकम, आत आंबो!"

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्या ओल्या फडक्याने लेबलं सोलत बसलो. शालूमावशी माझ्या शेजारी होती. शालूमावशी म्हणजे आंबे कापणाऱ्या बायकांची मुख्य. वय बासष्ट, हात वाऱ्यासारखे आणि जीभ हातांच्याही पुढे. ती म्हणाली, "धनेश तरी धड बघितलंस मा?"

म्हटलं, "हो. जोडी होती."

"मग जाव दे. सोल!"

*

त्याच सीझनला वाफेचा पाइप फुटला.

ज्यांनी कॅनिंग बघितलं नाही त्यांना सांगते: रस उकळायला मोठ्या कढया असतात, त्यांना बॉयलरमधून वाफ येते. त्या वाफेचा पाइप फुटला की आवाज असा होतो, जणू छप्परच चाललं! पांढरं धुकं पसरलं. बायका किंचाळायला लागल्या, कुणी दाराकडे, कुणी भिंतीकडे. तात्या जागच्या जागी पुतळा.

आणि मी? माझं डोकं असं गार झालं, असं स्वच्छ झालं, की काय सांगू! मी बाबल्याला ओरडून व्हॉल्व्ह बंद करायला लावला. बाबल्या म्हणजे आमचा बॉयलरवाला. बायकांना मागच्या दाराने काढलं, बाहेर मोजलं. एक कमी. शालूमावशी! ती दोन कढयांच्या मधे अडकली होती. ओला गोणपाट डोक्यावर घेऊन मी आत गेले आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं. येता येता कढईचा नळही सोडला, रस करपू नये म्हणून. कुणाला साधा फोड आला नाही.

तात्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. मग म्हणाले, "आता ह्याचो रिपोर्ट तेवढो लिवन ठेव. एक पान."

ते एक पान मला तीन आठवडे लिहिता आलं नाही. बसायचे, तारीख घालायचे, उठायचे. शेवटी बाबल्याने आपल्या मुलीकडून लिहून आणलं आणि कारखान्याचा नियमच जाहीर केला, "आग लागली तर विद्याक बोलवा. फॉर्म भरूचो असलो तर दुसऱ्या कोणाकय बोलवा!"

सगळे हसले. मीही हसले. पण त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं, आगीत शिरणारी बाई आळशी कशी असेल? आणि आळशी नाही, तर मग मी आहे तरी कोण?

*

आता इथे हसायचं नाही.

आम्हाला दर वर्षी एक परवाना नवा करून घ्यावा लागतो. अर्ज तात्यांनी जानेवारीत माझ्या हातात दिला. मी तो "लगेच करते" म्हणून टेबलावर ठेवला. त्याच्यावर दुसरा कागद आला, त्याच्यावर तिसरा. मे महिन्यात, ऐन धावपळीत, सरकारी साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, "परवाना दाखवा."

कारखाना चार दिवस बंद राहिला. पिकलेला आंबा चार दिवस थांबत नाही हो! शेडमध्ये क्रेटच्या थप्प्या होत्या. पहिल्या दिवशी वास गोड होता. तिसऱ्या दिवशी आंबूस. चौथ्या दिवशी तात्या स्वतः फावडं घेऊन खड्ड्यात आंबा लोटत होते. मी पुढे झाले तर म्हणाले, "रव. तुज्याकडे दिल्लंय म्हणान मी निवांत होतंय." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तीस बायका चार दिवस घरी बसल्या. शालूमावशी भेटली, तर म्हणते, "बरा झाला गो, कदीपासून गोधडी शिवूची होती." तिच्या घरी शिवायला गोधडी नव्हती. मला माहीत होतं.

मी घरी जाऊन राजीनामा लिहिला. एका बैठकीत, एक शब्द न खोडता! आयुष्यात पहिल्यांदा एक कागद वेळेत पूर्ण केला.

आणि द्यायला विसरले.

जूनमध्ये केतकीने माझ्या डब्याच्या पिशवीतून चमचा काढताना राजीनामाच बाहेर काढला. केतकी कोल्हापूरची, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, आमच्याकडे रस तपासायला आलेली पोरगी. लोणच्याचा डाग पडलेला तो कागद तिने वाचला. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही कधी तपासून घेतलंय का? माझ्या मोठ्या भावाचं असंच होतं. एडीएचडी निघालं, लक्ष एका जागी टिकत नाही ते. बत्तिसाव्या वर्षी."

मी राग मानला. चांगला आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. "मी काय खुळी वाटले?" असं म्हणून तणतणले.

आठव्या दिवशी तिला गाठलं आणि विचारलं, "काय गो, तुझा तो भाऊसुद्धा राजीनामा द्यायला विसरला होता?"

*

असा शब्द कारखान्यात लपून राहत नाही. दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्यांना कळलं.

बाबल्या म्हणाला, "एचडी म्हणजे माझ्या टीव्हीर आसा ताच काय? मगे विद्याक चित्र आमच्यापेक्षा साफ दिसतला!"

एकीने ब्राह्मी सांगितली. एकीने बदाम. एकीने तर नवऱ्याशी भांडण बंद कर म्हणून सांगितलं. ते ऐकून मी त्याच दिवशी घरी जाऊन भांडले.

तात्या मान हलवत म्हणाले, "आमच्या वेळेक ह्ये असले रोग नव्हते बाबा."

मी काही म्हणायच्या आत शालूमावशीने घास खाली ठेवला. "व्हते, तात्यानू. पण तेवा डॉक्टर नव्हतो, म्हणान तेंका वांदार म्हणीत. नायतर बडयीत!"

तात्यांनी विषय बदलला.

*

माझ्या सासूबाईंचा डॉक्टरवर विश्वास नाही; देवावर आहे. "तपासण्या करूच्या आदी देवाक सांगाक व्हया," म्हणाल्या. मी म्हटलं चला. देवाशी माझं भांडण नाही.

सकाळी देवळात गेलो. नारळ, पानाचा विडा, सगळं ठेवलं. आमच्याकडे वाडीतला जाणता माणूस देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. आमच्या वाडीतले जाणते काका सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरच्या सुनेचा चित्त खंय थाऱ्यार नाय..."

"होय म्हाराजा!"

"हातात घेतल्यान ता पुरा करणा नाय, सांगल्यान ता ध्यानात रवणा नाय..."

"होय म्हाराजा!" नवऱ्याचा आवाज जरा जास्तच मोठा वाटला मला.

"तर म्हाराजा, हिचा मन चार दिशांक धावता ता एका जाग्यार बांधून घाल..."

सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. माझे उघडे. मी कौलं मोजत होते, पाल बघत होते, समईची ज्योत कुठे झुकतेय ते बघत होते. आणि ज्योत झुकत होती ती सासूबाईंच्या पदराकडे! काठाने पेट घेतलासुद्धा. मी उडी मारली आणि समोरचा तांब्या त्यांच्या अंगावर रिकामा केला.

सासूबाई नखशिखांत भिजलेल्या. पदराला तळहाताएवढं भोक.

काकांनी एकदा पदराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हात पुन्हा जोडले.

"बा देवा म्हाराजा! आता जा मागलंव, ता मागे घेतंव!"

सासूबाई सगळ्यांत आधी ओरडल्या, "होय म्हाराजा!"

*

आता केतकीने सुचवलेल्या कोल्हापूरच्या मानसोपचार डॉक्टरांची वेळ.

पहिली वेळ मी विसरले. त्यात काही किस्सा नाही.

दुसऱ्या वेळी हातावर पेनाने लिहिलं, मोबाइलमध्ये तीन अलार्म लावले, तळेऱ्यापर्यंत वेळेत पोचले. तळेऱ्याचा फाटा तुम्हाला माहीत असेल. तिथून एक रस्ता कोल्हापूरच्या घाटाकडे चढतो, एक विजयदुर्गाकडे उतरतो. शेजारी एक बाई बसली होती, तिच्या सुनेची गोष्ट सांगत होती. गोष्ट ऐन रंगात आली आणि बाईची बस आली. मी तिच्याबरोबर चढले! सुनेचं पुढे काय झालं ते कळलं तेव्हा समोर खाडी दिसत होती. विजयदुर्ग!

तिसऱ्या वेळी केतकी सोबत आली. शालूमावशीही आली. कशाला, विचारलं तर म्हणाली, "माका कोल्लापूर बघूचा आसा." दिवसभर ती दवाखान्याच्या बाकावरून हलली नाही, कोल्हापुरातलं काही म्हणजे काही बघितलं नाही तिने.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड बघितलं, झोप कशी येते ते विचारलं. मग लांबलचक प्रश्न.

"कुणी समोर बोलत असताना तुमचं लक्ष दुसरीकडे जातं का?"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचं भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे. आणि बाहेरच्या बाईंची खुर्ची कुरकुरते, तिचा एक स्क्रू सैल असणार."

त्या थांबल्या. "बरं. पण मी विचारलेला प्रश्न ऐकलात का?"

"कुठला?"

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पेन चांगलं होतं.

मी शाळेची प्रगतिपुस्तकं नेली होती. आईने जपून ठेवलेली. डॉक्टरांनी ती एकेक करून टेबलावर मांडली. पहिलीपासून दहावीपर्यंत बाई बदलल्या, गुरुजी बदलले, शाई बदलली, शेरा तोच. "हुशार आहे, पण लक्ष नाही." "हुशार आहे, पण चंचल." "हुशार आहे, पण आळशी." डॉक्टर म्हणाल्या, "दहा वर्षं दहा माणसांनी एकच गोष्ट लिहून ठेवली. वाचली कुणीच नाही."

मी रडले. डॉक्टरांनी टिश्यू पुढे केला आणि म्हणाल्या, "असं ऐकून वाईट वाटतंच."

म्हटलं, "वाईट नाही वाटत हो, राग येतोय! एकेचाळीस वर्षं मी स्वतःला शिव्या घातल्या. त्या आता परत कुणाला देऊ?"

*

निदान झालं म्हणजे गोळी सुरू झाली असं नाही. चिठ्ठी चार महिने कपाटात होती. आणि ती मी विसरले नव्हते, बरं का! रोज कपाट उघडून बघायचे आणि बंद करायचे.

भीती वाटायची. लोकांची कमी, माझीच जास्त. गोळी घेतली आणि धनेश दिसायचाच बंद झाला तर? पाइप फुटल्यावर मी तात्यांसारखी पुतळा होऊन उभी राहिले तर? डॉक्टरांना फोन करून सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "कमी डोसने सुरू करू. दर महिन्याला बघू. नको वाटलं तर मला सांगा, थांबवू. निर्णय तुमचा." निर्णय तुमचा! हे वाक्य मला आजवर कुठल्या डॉक्टरने ऐकवलं नव्हतं.

नवरा मात्र विरोधात. सुहास शाळेत क्लार्क आहे; त्याच्या पेनांची टोपणंसुद्धा एका दिशेला असतात. म्हणाला, "गोळये कित्याक? मनावर घेतलंस तर सगळा जमात तुका. आणि लोक काय म्हणतले?"

तो पेपर वाचत होता. मी त्याच्या नाकावरचा चष्मा काढला आणि पाठीमागे धरला.

"गो, चष्मो दी!"

"कित्याक? मनावर घे. दिसात."

"विद्या, मस्करी पुरे. अक्षरा दिसनत नाय."

"प्रयत्न कमी पडतत तुजे. शेजारचे काका सत्तर वर्षांचे, बिनचष्म्याचे वाचतत. आणि काय रे, चष्मेवाल्या घोवाची बायल म्हणान लोक माका काय म्हणतले?"

त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "डॉक्टरांची चिठी खंय आसा?"

दुसऱ्या दिवशी औषध तोच घेऊन आला.

*

पहिल्या दिवशी काय झालं, हे मला आजही सगळे विचारतात. वीज चमकली का? नाही. कुणीतरी शेजारच्या खोलीत सतत चालू असलेला रेडिओ बंद केला, एवढंच. एकेचाळीस वर्षं मला कळलंच नव्हतं की शेजारी रेडिओ आहे!

तात्या मला कामं सांगत होते. कोकम कुठे वाळत घालायचं, पत्रे कुठे गळतायत. मी ऐकत होते. त्यांचं झालं, तरी मी समोर उभी.

"काय गो? काय झाला?"

"तात्या, तुम्ही शेवटी 'काय समजलंस?' म्हणता!"

"चौदा वर्सां म्हणतंय!"

"मी आज पहिल्यांदा तिथपर्यंत पोचले."

सगळं गोड नव्हतं. भूक मेली. दुपारी डब्यात बांगड्याचं तिखलं, आणि मला नको! शालूमावशीच्या चेहऱ्यावर मी पाइप फुटला तेव्हासुद्धा एवढी भीती बघितली नव्हती. "बांगड्याक नको म्हणूक लावता? ही कसली गो गोळी, ही तर मुंबयची सून!"

डॉक्टरांनी डोस बदलला. बांगडे परत आले. विसरणं पूर्ण गेलं म्हणाल, तर नाही; कालच छत्री हरवली. पण परवान्याचा अर्ज या वर्षी फेब्रुवारीत गेला. त्याची पोच मी तात्यांना दाखवली, तेव्हा त्यांनी टॉवेलने चष्मा पुसला, डोळे पुसले, आणि म्हणाले, "धूळ किती ह्या हापिसात!"

*

एक आंब्याचा व्यापारी आहे, नाव नको. ऑफिसात बसून, मी समोर असताना, तात्यांना म्हणतो, "ऐकलं ते खरं का? मॅडम डोक्याच्या गोळ्या घेतात? माल यांच्या भरवशावर सोडायचा म्हणजे..."

तात्या काही बोलायच्या आत मी उठले. कोरा कागद घेतला, जाड पेनाने लिहिलं आणि दारावरच्या फळ्यावर, हजेरीच्या शेजारी लावला:

"विद्या रोज सकाळी आठ वाजता डोक्याची गोळी घेते. विसरली तर आठवण करावी. हुकमावरून."

व्यापाऱ्याने चहा अर्धा टाकला.

दुसऱ्या दिवशी आठला बाबल्याने पाळीचा भोंगा वाजवला. एरवी एकदा वाजतो. त्या दिवशी दोनदा वाजला. मी बाहेर येऊन विचारलं, दुसरा कशाला?

"पयलो कामाक," तो बॉयलरवरून ओरडला, "दुसरो तुज्या गोळयेक!"

तेव्हापासून दोनदा वाजतो. आसपासच्या घरांतल्या बायका दुसऱ्या भोंग्याला कुकर लावतात. शाळेची पोरं म्हणतात, "चला रे, गोळी वाजली!" ज्या गोष्टीबद्दल लोक कुजबुजणार होते, ती आता रोज एक मैलभर ऐकू जाते. कुजबुजा आता!

*

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. कोकम संपलं होतं, काम कमी होतं. शालूमावशी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ही बाई कधी उभी राहत नाही. हात नाहीतर पाय, काहीतरी चालूच असतं.

"काय गो," ती म्हणाली, "तुज्या डॉक्टरणीक म्हातारी मान्सा चलतत?"

मी तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं विजेसारखे चालणारे हात. चुलीवर तीनदा करपलेला भात, हरवलेल्या चाव्या, वाक्य अर्धं टाकून दुसरीकडे धावणारी जीभ. मी एवढी तपासून घेतलेली बाई, आणि मला शेजारी बसलेली दिसली नव्हती!

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, लहानपणापासून ओळखणारं कुणी असेल तर सोबत आणा. मावशीचे आईवडील कधीच गेले. थोरली बहीण आहे, आरोंद्याला, सत्तरीची. ती आदल्या दिवशी जामसंड्याला येऊन राहिली. अगदी कमी बोलणारी म्हातारी. सगळ्या घाटात दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी मावशीला विचारलं, "शाळेत एका जागी बसायला त्रास व्हायचा का?"

"शाळा? माका दुसऱ्याच दिवशी घराक धाडल्यानी. मास्तर म्हणाले, ह्या चेडू बसना नाय."

"मग?"

"मग काय? शाळा बंद. ह्या आकाचीय बंद केल्यानी, माका राखूक."

बहीण खाली बघत होती. डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही सांगा. लहानपणी या कशा होत्या?"

म्हातारीने पदर सारखा केला.

"आमचो बापूस शेतार जाय तेवा हिका माडाक बांधून ठेवूक सांगी," ती म्हणाली. "खाडी लागून. बुडात म्हणान. दोरयेन."

"कोण बांधायचं?"

"मी."

मी टेबलाकडे बघत होते. मग शालूमावशी हसली. तिचं ते मोठं, कारखानाभर ऐकू जाणारं हसू.

"पण डॉक्टरणी, ह्याय लिवन ठेवा! एक दिवस म्हणान बांधलेली रवलंय नाय मी. रोज सोडवन घेय आणि पळान जाय. खाडयेपर्यंत! हिका धड गाठ मारूक कदी येवकच नाय. बापूस हिकाच बडयी, गाठ मारूक येणा नाय म्हणान!"

बहिणीने पहिल्यांदा मान वर केली. म्हातारी झालेल्या आपल्या धाकट्या बहिणीकडे बघितलं.

"माका गाठ येय, शालू," ती म्हणाली. "मी ती सैल मारी."